चौदा नंबरचं गँगरीन

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एका बैठकीत वाचून काढलं, पण एका वाक्यापाशी अडकले. 'चौदा नंबरचं गँगरीन आज फारच चिडचिड करत होतं.' सहा महिन्यांपूर्वी चौदा नंबरच्या खाटेवरच्या, पाय सडत चाललेल्या माणसाबद्दल तू असं लिहिलं नसतंस.

रागावले नाही. तुझ्या वयात मीही असंच बोलायचे. नर्सिंगच्या वर्गात तर 'रुग्णाला नावाने हाक मारा' असंच शिकवतात, पण वॉर्डात पाळी बदलतानाचं रोजचं हँडओव्हर ऐकून ऐकून तोंडात दुसरंच बसतं. हा दुसरा अभ्यासक्रम कुणी शिकवत नाही, म्हणून तो विसरणंही अवघड.

इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास केला आणि १९६० साली तो प्रसिद्ध केला. तिथेही 'दहा नंबरचं लिव्हर' असंच बोललं जायचं. कामाचे बारीक तुकडे पाडून ते पुष्कळ रुग्णांवर वाटलेले, म्हणजे कुठल्याच एका माणसाशी जवळीक व्हायला नको. मेंझीसबाईंना यामागे भीती दिसली. परक्या माणसाचं उघडं अंग, वेदना, मरण रोज समोर येतं. ते आपल्या जिवाला लागू नये म्हणून माणसाचा नंबर होतो. हे वाचलं तेव्हा मला माझीच एक गोष्ट उलगडली.

दुसऱ्या वर्षाला होते. एका बाईंचं स्तनाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते आणि ड्रेसिंग माझ्याकडे होतं. टाके कोरडे, लाली नाही, जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या ड्रेनमध्ये ६० मिली. सगळं अचूक पाहिलं. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी ट्रे उचलला तेव्हा तोंड न वळवता म्हणाल्या, "झालं का बघून?" मी "हो" म्हटलं आणि निघाले. माझ्या चार्टचं ट्यूटरनी कौतुक केलं. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते.

म्हणून जखम नीट बघू नकोस असं नाही. उलट हात पक्का कर. चिमटा धरताना बोटं कापत असतात तोवर नजर रुग्णाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. सरावाच्या लॅबमध्ये तेच तेच पुन्हा करायला लावतात ते कंटाळवाणं वाटतं खरं, पण त्यातूनच पुढे माणसासाठी लक्ष मोकळं होतं.

हातमोज्यांकडेही लक्ष दे, भीती तिथे हमखास लपते. १९९६ साली अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मांडलेला नियम तुला पाठ असेलच: आजार माहीत असो वा नसो, रक्त आणि शरीरातले स्राव हाताळताना सगळ्यांच्याच बाबतीत सारखी खबरदारी घ्यायची. हा नियम तुला जपतो, तसाच रुग्णालाही जपतो, कारण हातमोजे पाहून कुणाला कुणाचा आजार ओळखता येत नाही. पण एचआयव्ही आहे असं कानावर आल्यावर त्या एकाचीच नाडी कुणी हातमोजे घालून बघितली, तर रुग्णाला ते तत्क्षणी कळतं. धडधाकट त्वचेवर नाडी बघायला हातमोजे लागत नाहीत, हे परीक्षेत सगळ्यांनी बरोबर लिहिलेलं असतं.

भीती वाटली तर ती सिनियर सिस्टरला सांग, मला लिही. रात्री झोप लागली नाही तरी लिही. आम्हाला असं बोलायची सोय नव्हती, सगळं गिळून दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर उभं राहायचं. त्यात आमच्यातल्या पुष्कळजणी कोरड्या झाल्या.

आता चौदा नंबर. त्यांचा पाय काढायचं ठरलंय का? ठरलं असेल तर ते त्यांना कुणी सांगितलं, आणि बसून सांगितलं की राउंडमध्ये उभ्या उभ्या? तू ड्रेसिंग सोडतेस तेव्हा ते पायाकडे बघतात की तोंड फिरवतात? पुढच्या पत्रात एवढं कळव, आणि त्यांचं नावही.

तुझी,
सिस्टर