नाशिक परिसरातल्या फ्रीमेसन लॉजपैकी उत्तम काम करणाऱ्या लॉजचा गौरव कसा करावा? निकष कोणते ठेवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक, नाशिकरोड, देवळाली या पट्ट्यातल्या लॉजपैकी (लॉज म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेची स्थानिक शाखा) वर्षभर चांगलं काम करणाऱ्या लॉजचा दरवर्षी गौरव करायचा आहे, तर निकष काय, गुण कसे, निवड कोणी करायची आणि मनं दुखावणार नाहीत हे कसं पाहायचं.

माझं पहिलं सांगणं, क्रमांक काढू नका. मुंबईत लॉज भरपूर, तिथे पहिला-दुसरा नंबर खपून जातो. नाशिकसारख्या ठिकाणी लॉज मोजकी आणि तीच माणसं दोन-दोन लॉजची सदस्य. एकाला पहिलं म्हटलं की बाकीची आपोआप हरलेली ठरतात, आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांनी एकाच फेस्टिव्ह बोर्डाला (बैठकीनंतरच्या जेवणाला) बसायचं असतं. त्यापेक्षा एक पातळी ठरवा. ती गाठेल त्या प्रत्येक लॉजला मानपत्र द्या. सगळ्यांनी गाठली तर सगळ्यांना, कोणीच गाठली नाही तर त्या वर्षी कोणालाच नाही. अमेरिकेतल्या काही ग्रँड लॉज (लॉजच्या वरच्या नियामक संस्था) अशीच निकषांची यादी देतात आणि ती पूर्ण करणाऱ्या प्रत्येक लॉजला सन्मान मिळतो. स्पर्धेची चुरस हवीच असेल तर सोबत एक फिरती ढाल ठेवा, पण ती 'सर्वोत्कृष्ट लॉज' म्हणून देऊ नका. त्या वर्षीच्या एका नेमक्या कामासाठी द्या आणि ते काम ढालीवर कोरून घ्या.

निकष जाहीर करण्याआधी परवानगीचं बघा. देशातली बहुतेक लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या सनदेखाली आहेत, आणि महाराष्ट्रातली त्यांची लॉज मुंबईच्या रीजनल ग्रँड लॉज ऑफ वेस्टर्न इंडियाकडे येतात. पण १९६१ मध्ये सगळीच लॉज नव्या ग्रँड लॉजमध्ये गेली नाहीत. इंग्लिश आणि स्कॉटिश सनदेखालची काही भारतात आजही चालू आहेत. तुमच्या यादीत तसं एखादं असेल तर एका सत्तेच्या नावाने दुसऱ्या सत्तेच्या लॉजचं मूल्यमापन करता येणार नाही. तिथे उपक्रम 'स्थानिक लॉजनी आपसात ठरवलेला' म्हणून मांडावा लागतो आणि दोन्हीकडे लेखी कळवावं लागतं. अर्ज रीजनल ग्रँड सेक्रेटरींमार्फत जाऊ द्या. सोबत निकषांचा मसुदा आणि मानपत्राचा नमुना जोडा. ग्रँड लॉजचं चिन्ह किंवा मोहोर मंजुरीशिवाय छापू नका.

बक्षीस म्हणून गळ्यात घालायचा ज्युवेल (पदकासारखं मानचिन्ह) मात्र टाळा. लॉजमध्ये मान्यताप्राप्त ज्युवेलच घालता येतात. स्थानिक समितीने दिलेला घालून कोणी मुंबईच्या बैठकीला गेलं तर टायलरच्या (दारावरच्या राखणदाराच्या) दारातच तो काढून ठेवायची वेळ येईल. ढाल पितळी असावी, नाशकात ती करून घ्यायला भांडी बाजार आहेच. त्यावर लॉजचं नाव, क्रमांक, वर्ष आणि कारण एवढंच कोरा, मास्टरचं (लॉजच्या प्रमुखाचं) नाव नको. गौरव लॉजचा आहे. व्यक्तींना मिळणारी रीजनल किंवा ग्रँड पदं ही निराळी गोष्ट, ती वरूनच ठरतात, त्यांच्याशी या मानपत्राची गाठ घालू नका.

आता गुण. शंभरपैकी कारभाराला २०, रिचुअलला (विधी तोंडपाठ सादर करण्याला) २५, सदस्य टिकवण्याला २५, दानधर्म आणि आल्मनरच्या (सदस्यांची विचारपूस करणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या) कामाला २० आणि इतर लॉजना दिलेल्या भेटींना १० असं वाटप मी सुचवेन. मानपत्रासाठी एकूण ७० आणि शिवाय प्रत्येक भागात निदान निम्मे गुण हवेत. ही दुसरी अट महत्त्वाची. ती नसली तर दानधर्मात पैकीच्या पैकी घेणारं लॉज कारभाराकडे पूर्ण दुर्लक्ष करूनही मानपत्र घेऊन जाईल.

कारभारात मतभेदाला जागा नसते: वार्षिक रिटर्न आणि देणी मुदतीत गेली का, इतिवृत्त पुढच्या बैठकीत मंजूर होऊन सही झाली का, हिशेब तपासले गेले का, समन्स (बैठकीची सूचना) वेळेवर निघालं का. प्रत्येकाला ५. अर्धे गुण देऊ नका, झालं किंवा नाही झालं.

उपस्थितीला मी वेगळे गुण ठेवत नाही, पण मानपत्रासाठी ती एक किमान अट असू दे, आणि मोजायची रीत नीट ठरवा, कारण खरी गडबड इथे होते. नाशिकच्या लॉजमध्ये बदलीवाली माणसं येत-जात राहतात. देवळालीत लष्कर आणि तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी, ओझरला एचएएल, नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस, शिवाय सातपूर-अंबडचे कारखाने. बदली झालेला माणूस आपल्या मूळ लॉजची वर्गणी भरत राहतो, ही अभिमानाची गोष्ट आहे, पण बैठकीला तो येऊ शकत नाही. समजा, एका लॉजचे ६० सदस्य, त्यातले ३२ स्थानिक, सरासरी उपस्थिती १९. दुसऱ्याचे २४, त्यातले २० स्थानिक, सरासरी १३. नुसते आकडे पाहिले तर पहिलं लॉज पुढे. एकूण सदस्यांशी भागाकार केला तर ३२ विरुद्ध ५४ टक्के, म्हणजे पहिलं लॉज पार झोपलेलं दिसतं. स्थानिक सदस्यांशी केला तर ५९ विरुद्ध ६५, आणि हेच चित्र खरं. म्हणून भागाकार नेहमी स्थानिक सदस्यांनी करा, आणि स्थानिक म्हणजे कोण याची व्याख्या आधी लिहून ठेवा: बैठकीच्या जागेपासून ४० किलोमीटरच्या आत राहणारा, असं काहीतरी. किमान अट पन्नास टक्के ठेवली तर ती कोणाच्या आवाक्याबाहेर नाही. पाहुणे या आकड्यात धरू नका, नाहीतर दर बैठकीला शेजारच्या लॉजमधून पाच जण 'मदतीला' येतील.

दुहेरी सदस्यत्वाचा गुंता यातूनच येतो. एकच ब्रदर (सदस्य) दोन लॉजमध्ये असेल तर दोन्हीकडच्या उपस्थितीत तो धरावा, कारण तो खरोखरच दोन्हीकडे हजर असतो. पण रविवारी त्याने आरोग्य शिबिरात चार तास दिले तर ते तास कुठल्या तरी एकाच लॉजच्या खात्यात जातील. कुठल्या, ते त्याने आधी सांगायचं. हा नियम नसेल तर एकाच शिबिराचे फोटो दोन अर्जांना जोडलेले दिसतील.

नवीन सदस्यांच्या संख्येला गुण देऊ नका, एकही नाही. प्रवेशाच्या आकड्यावर मानपत्र मिळतंय म्हटल्यावर चौकशी समिती ढिली पडते, गुप्त मतदानाला केवळ उपचाराचं रूप येतं आणि तिन्ही पदव्या (एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन) शक्य तितक्या लवकर उरकल्या जातात. इंग्लिश परंपरेत दोन पदव्यांमध्ये निदान चार आठवड्यांचं अंतर असतं. ते किमान आहे, पण गुणांच्या मागे लागलेलं लॉज त्यालाच वेळापत्रक करून टाकतं. एंटर्ड अप्रेंटिसला पहिल्या पदवीचा अर्थ कळायच्या आत तो मास्टर मेसन होतो आणि दीड वर्षात येणं बंद करतो. मोजायचंच असेल तर किती टिकले ते मोजा. गेल्या पाच वर्षांत दीक्षा घेतलेल्यांपैकी आज किती जण वर्गणी भरतात आणि वर्षातल्या निम्म्या बैठकांना येतात? अकरापैकी आठ म्हणजे ७३ टक्के. एका वर्षाचा आकडा घेऊ नका, लहान लॉजमध्ये वर्षाला दोघेच येतात आणि त्यातल्या एकाने येणं सोडलं की थेट ५० टक्के होतात. बदली आणि मृत्यू हिशेबातून वगळा. या २५ पैकी १० गुण सोडून गेलेल्यांशी लॉजने संपर्क ठेवला का, यासाठी ठेवा. राजीनामा देणाऱ्याशी सेक्रेटरीऐवजी मास्टर स्वतः बोलला का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

रिचुअलचे गुण देताना परीक्षक प्रॉम्प्टिंग मोजत बसतात. पुस्तकातून किती वेळा आठवण करून द्यावी लागली हे मोजलं की लॉज जोखीम घेणं बंद करतं, आणि सगळे भाग तेच दोन मुरलेले पास्ट मास्टर (माजी मास्टर) म्हणतात. ऐकायला सुंदर, पण दहा वर्षांनी म्हणणारं कोणी उरत नाही. त्यापेक्षा वर्षभरात किती वेगवेगळ्या ब्रदरनी तोंडपाठ भाग सादर केले आणि त्यातले किती जणांनी पहिल्यांदाच, हे पाहा. वर्किंग टूल्सचं (अवजारांचा प्रतीकार्थ सांगणारं) छोटं निवेदन एखाद्या नव्या फेलो क्राफ्टने अडखळत पूर्ण केलं तर त्याला मोठ्या चार्जइतकंच (उपदेशपर भाषणाइतकंच) महत्त्व द्या. त्या २५ मधले ८ गुण नियमित चालणाऱ्या लॉज ऑफ इन्स्ट्रक्शनला (रिचुअलच्या सरावाच्या बैठकांना), आणि ५ गुण दोन्ही वॉर्डन (मास्टरनंतरचे दोन पदाधिकारी) मास्टरच्या खुर्चीवर बसायला खरोखर तयार आहेत का याला. हे शेवटचं डायरेक्टर ऑफ सेरेमनीजला (विधींची व्यवस्था पाहणाऱ्याला) विचारा. मास्टरला विचारलंत तर उत्तर नेहमीच होकारार्थी येतं.

दानधर्मात रुपयांवर गुण देणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं. एका सधन ब्रदरने दोन लाख दिले, तर ते लॉजचं काम नव्हे, त्याचं आहे. वीसपैकी अठरा जणांनी मिळून साठ हजार जमवले तर लॉज जिवंत आहे. म्हणून किती टक्के सदस्यांनी वाटा उचलला आणि प्रत्यक्ष किती जण कामाला हजर होते हे धरा. पावत्या आणि ज्या संस्थेला मदत केली तिचं पत्र मागा, फोटो मागू नका. मदत घेणाऱ्यांचे फोटो पुरस्काराच्या अर्जाला जोडणं मला तरी पटत नाही.

आल्मनरचं काम, म्हणजे आजारी ब्रदरची आणि दिवंगत ब्रदरच्या पत्नीची विचारपूस, हे लॉजमधलं सर्वात मोलाचं आणि सर्वात गुपचूप चालणारं काम. ते मोजायचं तर नावं न विचारता मोजा. आल्मनरच्या वहीतून वर्षभरातल्या भेटी आणि फोन यांची संख्या घ्या, खाली मास्टरची सही. परीक्षकांनी वही उघडायची नाही. यात कोणी आकडा फुगवेल ही भीती वाटत असेल तर राहू द्या, या कामाला २० पैकी ८ गुण आहेत, त्यासाठी विधवेच्या घरची गोष्ट समितीपुढे आणण्यात अर्थ नाही.

भेटींचे १० गुण देताना अंतर धरा. नाशिकहून मुंबईच्या लॉजला जायचं म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर, कसारा घाट, आणि फेस्टिव्ह बोर्ड संपवून मध्यरात्री परत. देवळालीहून नाशिकरोडला जाण्याशी त्याची बरोबरी करू नका. शहराबाहेरच्या भेटीला तिप्पट धरा आणि एकाच लॉजला दिलेल्या तीनपेक्षा जास्त भेटी मोजू नका. जेवणाला गुण ठेवायची सूचना हमखास येते. ती हसून फेटाळा, नाहीतर पुढच्या वर्षी लॉजचा निम्मा निधी केटररकडे जाईल.

मूल्यमापनाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च ठेवा. प्रत्येक लॉजचं इन्स्टॉलेशन (नव्या मास्टरचं पदग्रहण) वेगळ्या महिन्यात होतं, त्यामुळे मास्टरच्या कारकिर्दीचं वर्ष धरलं तर तुलना जमत नाही, आणि हिशेब तर आर्थिक वर्षाचेच तपासले जातात. निकष वर्ष सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच, प्रत्येक सेक्रेटरीच्या हातात द्या. वर्ष संपल्यावर जाहीर केलेले निकष कोणाला तरी नजरेसमोर ठेवून केलेत असंच वाटतं. अर्ज दोन पानांचा. तीन पानं झाली की ज्या लॉजचा सेक्रेटरी निवृत्त आहे तीच भरून देतात. एक तरतूद आत्ताच लिहून ठेवा: २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद राहतील, बैठका पुढे ढकलाव्या लागतील. अशी पुढे ढकललेली बैठक रीतसर परवानगीने झाली असेल तर गुण कापायचे नाहीत आणि त्या महिन्याची उपस्थिती सरासरीत धरायची नाही.

परीक्षक तीन, तिघेही पास्ट मास्टर, आणि सहभागी लॉजपैकी एकाचेही सदस्य नसलेले. नाशकात असे तिघे मिळणं अवघड, म्हणून मुंबई किंवा पुण्याहून घ्या. त्यांना प्रत्येक लॉजच्या किमान एका बैठकीला न कळवता येऊ द्या. आधी कळवलं की त्या दिवशीचं रिचुअल रंगीत तालमीसारखं होतं.

जूनअखेर अर्ज, जुलै ते सप्टेंबर छाननी, आणि घोषणा २४ नोव्हेंबरच्या स्थापनादिनाच्या आसपास, दिवाळीही तोवर उरकलेली असते. एखाद्या लॉजच्या इन्स्टॉलेशनमध्ये घोषणा करू नका, तो दिवस नव्या मास्टरचा असतो. वर्तमानपत्रात बातमी द्यायची तर समाजकार्याची द्या. सदस्यांची नावं त्यांच्या संमतीशिवाय नकोत, विधी चालू असतानाचे फोटो नकोत, आणि बाहेरच्या कार्यक्रमात ॲप्रन (लॉजमधल्या पोशाखाचा भाग) घालायचा तर आधी डिस्पेन्सेशन (खास परवानगी) घ्या.

गुण व्यासपीठावरून वाचून दाखवू नका. कोणाकोणाला मानपत्र, एवढंच जाहीर करा. प्रत्येक लॉजला, मिळालेल्यांना आणि न मिळालेल्यांनाही, स्वतःच्या गुणांचं पत्र बंद पाकिटात द्या: पाच भागांचे आकडे आणि कमी पडलेल्या भागाबद्दल परीक्षकांच्या दोन ओळी. ढाल मिळालेलं लॉज पुढचं एक वर्ष ढालीसाठी अपात्र, मानपत्रासाठी मात्र पात्र. गुणतक्ते निदान पाच वर्षं जपून ठेवा, कारण सदस्य टिकवण्याची टक्केवारी पुढच्या खेपेला त्यांच्यावरूनच पडताळावी लागते.