चौथ्यांदा नीट? आधी फिजिक्सचा एक पेपर घरी

प्रश्न: ताई, आमचा मुलगा डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी तीनदा नीटला बसला. २०२३ मध्ये बारावीबरोबर दिली तेव्हा ३४८ मार्क. मग लातूरला क्लासला ठेवला, २०२४ मध्ये ५०८ आले आणि यंदा, २०२५ मध्ये, ४२२. फी भरायला बाग दोन वर्षांच्या कराराने दिली. ह्यांचं म्हणणं, मोबाइलपायी मार्क घटले, पण एवढं केलंय तर अजून एकदा बसू दे. शेजारचे म्हणतात, नीट तीनदाच देता येते. मुलाला विचारलं तर ‘तुम्ही म्हणाल तसं’. रात्रभर जागा असतो, जेवायला हाक मारली तरी माडीवरून खाली येत नाही. राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, दिली होती, तिचं नाव काढलं की उठून जातो. तिन्ही निकालांचे फोटो पाठवतेय. किती वेळा द्यावी ही परीक्षा? – एक आई, देवगड तालुका

उत्तर: ताई, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नाहीतर मीही ५०८ आणि ४२२ बघून तुमच्या यजमानांसारखीच फसले असते.

त्यांना आजच सांगा, मुलगा घसरलेला नाही. २०२४ चा नीटचा निकाल मार्कांच्या पुराचा होता. फेरनिकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. यंदाचा पेपर इतका कठीण, की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. म्हणून दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवून काही कळत नाही, पर्सेंटाइल बघायचं, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहे ते. ते तुमच्या फोटोंत आहे: ८४, मग ९१, मग साडेएक्क्याण्णव. तेव्हा मोबाइलचा खटला यजमानांनी मागे घ्यावा. पोराला कोणी ‘आम्ही चुकलो’ म्हणालं, तर त्याला अर्धा घास जास्त जाईल.

पण त्याच कागदावर दुसरीही गोष्ट आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षानंतर सात पर्सेंटाइलची उडी, दुसऱ्यानंतर जेमतेम अर्ध्याची. विषयवार बघा. बायोलॉजी ९३ वरून ९७ ला गेलं आणि तिथेच राहिलं. फिजिक्स ६२, ६८, ६७. म्हणजे लातूरच्या दुसऱ्या वर्षात फिजिक्स जागचं हललं नाही. तोच क्लास, तीच खोली, त्याच नोट्स, मग चौथ्या वर्षी काय वेगळं होणार? याचं उत्तर ‘यंदा जास्त मेहनत करेल’ असं असेल तर ते उत्तर नव्हे. मेहनत त्याने आधीही केली असणार, बायोलॉजी उगाच ९७ ला जात नाही.

आता नियमाचं. शेजाऱ्यांचं ऐकू नका. दोनदाची अट आहे ती आयआयटीच्या प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्सला, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही काढून टाकली आहे. दार उघडं आहे, पण उघड्या दाराचाही जाच होतो. कोणी ‘पुरे’ म्हणत नाही, म्हणून घरच्यांना म्हणावं लागतं.

माझ्या मते पहिला ड्रॉप, म्हणजे बारावीनंतर फक्त या परीक्षेसाठी घातलेलं वर्ष, बहुतेक मुलांना द्यावा. बारावीची बोर्डाची परीक्षा आणि नीट एकाच उन्हाळ्यात सांभाळताना भलीभली दमतात. दुसरा ड्रॉप, काय बदलणार ते नेमकं सांगता आलं तरच. तुमच्या मुलाचा तोही घेऊन झाला. म्हणून तिसऱ्यांदा अख्खं वर्ष घालायला माझा विरोध आहे, मात्र एक सवड ठेवते.

फिजिक्सच्या ४५ प्रश्नांचा, त्याने पूर्वी न सोडवलेला एखादा संच आणा. घड्याळ काढून ठेवा. सकाळी बसू दे, दुपारी जेवून पुन्हा बसू दे, कोणी जिन्यावर पाय वाजवू नका. दिवसभरात तीसेक प्रश्न बरोबर आले, तर विषय समजलाय, फक्त वेग कमी पडतो, आणि वेग सरावाने वाढतो. मग मी माझं मत बदलेन. पण हाताशी सगळा दिवस असूनही पंधरा-अठराच्या पुढे गाडी गेली नाही, तर आणखी एक वर्ष घालून काही होणार नाही. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात आणि मिळणारे चार जातात ते वेगळेच, त्यामुळे अंदाजाने गोळे काळे करून तर अजिबात भागत नाही.

हा पेपर द्यायचा की नाही, हे त्याने ठरवायचं. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारा मुलगा मला दमलेला वाटतो. जागरण आणि न जेवणं हलक्यात घेऊ नका. मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी टेली मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही करा, मग त्याला द्या. जिवाचं काही वेडंवाकडं बोलला तर मात्र फोनवर थांबू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

राहिली सीईटी. बायोलॉजी एवढं चांगलं असलेल्या मुलाने ती लपवावी का? त्या मार्कांवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांची पदवी. आणि डॉक्टरकीच हवी असेल, तर यंदाच्याच नीटवर बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीच्या, प्रवेशफेऱ्यांतही अर्ज करता येतो. कुठे लागेल ते फेरी उघडल्यावर दिसेल. फक्त मिळालेली जागा पुढच्या वर्षी सोडायची असेल तर फी आणि दंडाचे नियम आधी वाचा, नाहीतर बागेचे उरलेले पैसेही त्यातच जातील.

गणपतीला चाकरमानी येतील आणि ओटीवर बसल्या बसल्या विचारतील, ‘काय रे, नंबर लागलो?’ त्याआधी यजमानांना पर्सेंटाइलचे तिन्ही आकडे पाठ करून ठेवायला सांगा. उत्तर त्यांनी द्यायचं, पोराने नाही.