घरची आठवण येते, म्हणजे माझी श्रद्धा कच्ची आहे का?

"तो रोज रात्री रडतोय. त्याला परत बोलावून घेऊ का?"

एका आईचा हा मेसेज आला तेव्हा मुलाला धर्मप्रचाराच्या प्रशिक्षणाला जाऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. तो एकोणीस वर्षांचा. शाळेत असताना परीक्षेच्या धास्तीसाठी काही महिने माझ्याकडे येत होता, म्हणून आईला माझी आठवण झाली. (दोघांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी अमेरिकेत यूटा राज्यात समुपदेशन करते. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्या चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची मी सदस्य नाही. पण इथे काम करायचं म्हटलं की मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराला, निघालेली मुलं, त्यांचे आईवडील आणि मुदतीआधी घरी परतलेली मुलं समोर येतातच. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात आणि त्यांचं मिशन दोन वर्षांचं असतं. कुठल्या देशात जायचं हे चर्च ठरवतं. नवी भाषा शिकायची असेल तर आधी सहा ते नऊ आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. प्रोव्हो शहरातल्या केंद्राची सुरुवातच मुळी 1961 साली भाषा शिकवण्यासाठी झाली. या मुलाच्या वाट्याला फिनलंड आला होता आणि फिनिश भाषेत पंधरा विभक्त्या आहेत.

केंद्राच्या परवानगीने मी त्याच्याशी व्हिडिओवर तीनदा बोलले. पहिल्या वेळी तो पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी अशा वेशात समोर बसला होता. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर त्याचा मिशनमधला जोडीदार पुस्तक घेऊन उभा होता. तिथे जोडीदाराशिवाय कुठे जायचं नसतं. सुरुवातीची दोन मिनिटं तो सगळं छान असल्याचं सांगत राहिला. मी त्याला नावाने हाक मारली आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "इथे आल्यापासून हे नाव कुणी घेतलेलंच नाही." तिथे सगळेच एल्डर (मिशनवरच्या मुलांना अशीच हाक मारतात), आणि पुढे आडनाव.

मग एकेक बाहेर येऊ लागलं. वर्गात पाऊल टाकल्यापासून शिक्षक फक्त फिनिशमध्ये बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्याला मोठ्याने प्रार्थना करायला सांगितली. 'ताइवाल्लिनेन इसॅ', म्हणजे 'स्वर्गातल्या पित्या', एवढं तो म्हणाला आणि पुढे शब्दच सुचेना. मान खाली, डोळे मिटलेले, आजूबाजूला पाच मुलं वाट पाहतायत. शेवटी जोडीदाराने 'आमेन' म्हणून त्याची सुटका केली.

"लहानपणापासून मी रोज प्रार्थना करतोय. तेवढंही जमलं नाही. बाकीच्यांना जमतंय. मला सारखं घर आठवतं. देवाने मला बोलावलेलंच नसेल. माझी श्रद्धाच कच्ची आहे."

हे वाक्य मी या खोलीत कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलंय. दुसऱ्या पंथांच्या साधनेला निघालेल्यांच्याही तोंडून. वसतिगृहात गेलेल्या मुलाला घर आठवलं तर तो म्हणतो, मला करमत नाही. धर्माच्या वाटेवर निघालेला मुलगा तीच हुरहुर देवाचा कौल म्हणून वाचतो. मग आठवणीचं दुःख एकीकडे आणि आपण नालायक ठरलो ही शरम दुसरीकडे. माझ्या अनुभवात मुलं खचतात ती बहुतेक या शरमेनेच.

मी त्याला विचारलं, सगळ्यात वाईट कधी वाटतं?

"रात्री साडेदहाला दिवे बंद होतात तेव्हा. आणि पहाटे, उठायच्या आधी."

"आणि मैदानावर खेळताना?"

तो थांबला. "तेव्हा लक्षात नसतं."

"मग श्रद्धा संध्याकाळी परत येते आणि रात्री साडेदहाला निघून जाते, असं म्हणायचं का?"

तो हसला नाही, पण विचारात पडला. आठवण लाटेसारखी येते. मन रिकामं असताना आणि शरीर थकलेलं असताना ती जोरात येते. आणि तो थकलेला होताच. परक्या भाषेत दिवसभर ऐकत राहणं हे अंगमेहनतीइतकंच दमवतं, कारण मातृभाषेत जे आपोआप कळतं त्यासाठी तिथे प्रत्येक शब्दाशी झगडावं लागतं. शिवाय नव्या भाषेत समजणं आधी येतं, बोलणं मागून. मधल्या काळात धडधाकट तरुण दोन वर्षांच्या पोरासारखा बोलतो. आतलं गहिरं बोलायला शब्दच नसतात, आणि याच्याकडून तर नेमकं तेच, प्रार्थना, मागितलं जात होतं.

अर्थात एवढं सांगून मी मोकळी झाले नाही. झोप, जेवण, छातीत धडधड, जगू नये असं कधी वाटतं का, हे सगळं स्पष्ट विचारलं. आणखी एक विचारलं, ते अशा ठिकाणी विचारायलाच हवं: एखादं पाप राहून गेलं असेल या भीतीने तोच कबुलीजबाब पुन्हा पुन्हा द्यावासा वाटतो का? प्रार्थना नीट झाली नाही म्हणून तीच परत परत करावीशी वाटते का? हे वाढलं तर तो मंत्रचळाचाच धार्मिक प्रकार असू शकतो आणि त्यावर उपचार असतात. तिथे 'अजून प्रार्थना कर' हा सल्ला आगीत तेल ओततो. या मुलाला तसं नव्हतं. पहिले तीन दिवस झोप उडाली होती, आता सहा तास लागत होती.

मग मी त्याला विचारलं, घरची आठवण येते हे फिनिशमध्ये कसं म्हणतात? त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारून ये म्हटलं.

पुढच्या कॉलला तो वही घेऊन बसला. "मिनुल्ला ओन इकॅवॅ कोतिआ." त्याने मला शब्द उलगडून दाखवले: माझ्यापाशी आहे ओढ, घराची. वर्गात त्याने आधी नुसतं 'कोती' म्हटलं, तेव्हा शिक्षकांनी विभक्ती सुधारून 'कोतिआ' म्हणायला लावलं, मग मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. कुणी त्याच्या श्रद्धेची चौकशी केली नाही. गंमत म्हणजे त्याच वेळी जोडीदारानेही तेच वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मला हे ऐकून फार बरं वाटलं. माझ्या मराठीतही मी आठवण 'करत' नाही, मला आठवण 'येते'. फिनिशमध्ये ती माझ्यापाशी असते. मी त्याला हे सांगितलं. आली आहे, तुझ्यापाशी बसली आहे, तिला हाकलायचं नाही आणि तिचं ऐकून सामानही भरायचं नाही.

राहायचं की परतायचं हे रात्री ठरवायचं नाही, असं आमचं ठरलं. चार आठवडे पूर्ण झाले की दिवसा, पोटभर खाऊन, मग निर्णय. आणि परतायचं ठरलं तर ते पाप नव्हे, हेही मी त्याला दोनदा सांगितलं. दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस खोलीत शांत बसू शकतो.

आईशी बोलणं जास्त अवघड गेलं. 2019 पर्यंत या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता येत असे, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्याला एकदा करता येतो. हा बदल चांगलाच झाला. पण पहिल्या कॉलमध्ये आई स्वतः रडत दर पाच मिनिटांनी विचारत होती, "तुला यायचंय का?" मी म्हटलं, तुम्ही त्याला घराची बातमी द्या. कुत्र्याने काय फाडलं, धाकट्याचा सामना कसा झाला. त्याचं रडणं ऐकून घ्या, पण त्या क्षणी निर्णय मागू नका. त्यांना ते कठोर वाटलं. तरी त्यांनी केलं, आणि त्याचं मोल मला कळतं.

त्याच वर्षी दुसरी एक मुलगी तिसऱ्या आठवड्यात परतली. तिची झोप आणि अन्न दोन्ही सुटलं होतं आणि मनात मरणाचे विचार होते. तिने परत येणं अगदी योग्य होतं. तिच्या वडिलांनी विमानतळावर तिला काही न विचारता मिठी मारली, असं ती आजही सांगते.

चौथ्या आठवड्यानंतरच्या कॉलला या मुलाने आधीच सांगितलं, राहतोय. अजून आठवण येते, रात्रीच. मग म्हणाला, "तुमच्यासमोर प्रार्थना केली तर चालेल? फिनिशमध्ये?" मी हो म्हटलं. चार-पाच वाक्यं असतील. मध्ये दोनदा अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. मला त्यातले दोनच शब्द कळले, इसॅ आणि कोतिआ.