खेळाडूंच्या दुखापतींची प्रश्नावली फ्रेंचमध्ये नेताना चांगले भाषांतर पुरेसे का ठरत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या व्यक्तीने इंग्रजी प्रश्नावली फ्रेंचमध्ये आणली असेल, तर ती पुन्हा खेळाडूंवर तपासण्याचा खटाटोप कशासाठी करायचा. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. फुटबॉलपटू आणि तालमीतले मल्ल हे माझे नेहमीचे रुग्ण असल्यामुळे अशा प्रश्नावल्या माझ्या रोजच्या वापरात असतात.

प्रश्नावलीतून शेवटी एक आकडा हाती येतो आणि त्या आकड्यावर निर्णय होतात. एसीएल-आरएसआय ही 2008 साली प्रसिद्ध झालेली 12 प्रश्नांची प्रश्नावली गुडघ्यातील एसीएल या लिगामेंटच्या (हाडे जोडणाऱ्या बंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर खेळाडू मैदानात परतायला मनाने कितपत तयार आहे, हे 0 ते 100 या मापात सांगते. पॅरिसच्या डॉक्टरांनी तिची फ्रेंच आवृत्ती केली, तेव्हा फ्रेंच खेळाडूच्या 60 गुणांचा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूच्या 60 गुणांइतकाच आहे, हे दाखवणे आवश्यक होते. भाषांतर कितीही सुबक असले तरी ते त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

भाषांतराची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत 2000 साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार फ्रेंच मातृभाषा असलेले दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यांपैकी एकाला वैद्यकीय विषयाची माहिती असते आणि दुसऱ्याला नसते. दोन्हींचा मेळ घातल्यावर, मूळ प्रश्नावली न पाहिलेले दोघे ती उलट इंग्रजीत आणतात, आणि मग तज्ज्ञ समिती सगळे मसुदे समोर ठेवून निर्णय घेते.

यानंतर 30 ते 40 जणांकडून प्रश्नावली भरून घेऊन प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय समजले, हे विचारायचे असते. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे आणि घाईत नेमका तोच उरकला जातो. ऑस्लोच्या संशोधकांच्या प्रश्नावलीत गेल्या आठवड्यात दुखण्यामुळे सरावात भाग घेताना अडचण आली का, असा प्रश्न आहे. आमच्याकडचा मल्ल गुडघा दुखत असला तरी पहाटे तालमीत हजर असतो, जोर मारतो, हौदा उकरू लागतो, फक्त लढत धरत नाही आणि बैठका टाळतो. त्याला विचारले तर तो पूर्ण भाग घेतला असेच सांगेल, कारण त्याच्या लेखी तालीम चुकलेली नाही. तज्ज्ञाच्या लेखी मात्र त्याचा सराव घटलेला आहे. वाक्यात एकही चूक नसताना उत्तर चुकते, ते असे. तुलूझच्या रग्बीपटूच्या मनात सरावाची कल्पना काय आहे, हेही त्याच्याजवळ बसूनच कळेल, आणि फ्रान्ससाठी पक्की झालेली आवृत्ती क्वेबेक या कॅनडातील फ्रेंच भाषिक प्रांताच्या खेळाडूंपुढे ठेवतानाही ही चौकशी पुन्हा करणे योग्य होय.

आकडेमोड त्यानंतरची आहे. त्याच खेळाडूकडून काही दिवसांनी प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. हे अंतर इतके हवे की आधीची उत्तरे आठवू नयेत, पण दुखापतही बदललेली नसावी. गेल्या आठवड्याबद्दल विचारणाऱ्या प्रश्नावलीत हे साधणे फार अवघड जाते. दोन वेळच्या गुणांमधील सुसंगतीचा गुणांक किमान 0.70 असावा, अशी अपेक्षा असते. प्रश्नांचा परस्परमेळ दाखवणारा क्रोनबॅक अल्फा 0.95 च्याही वर गेला, तर मी आनंद मानण्याऐवजी तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जात आहेत का, हे पाहतो. शिवाय खेळात परतलेले आणि न परतलेले यांच्या गुणांत फरक दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर बाकीचे गुणांक चांगले असूनही ती आवृत्ती मी वापरणार नाही.

आपण स्वतः हे काम हाती घेणार असाल, तर त्या प्रश्नावलीची फ्रेंच आवृत्ती आधीच प्रसिद्ध झाली आहे का हे प्रथम शोधावे, आणि नसल्यास भाषांतराला हात घालण्यापूर्वी मूळ लेखकांची लेखी परवानगी घ्यावी.