लिफ्टमधली सुट्टी

मावशी, सलाम.

आम्ही चारकोपला राहतो, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी खूप प्रार्थना करून ठरवलं की मुलांना घरीच शिकवायचं, देवाच्या वचनात वाढवायचं. मी नोकरी सोडली. धाकट्याचं छान चाललंय, मार्कच्या शुभवर्तमानातल्या गोष्टी बोट ठेवून स्वतः वाचतो. पण मुलीचा भागाकार अजून कच्चा आहे, बिल्डिंगमधली तिच्या वयाची मुलं मोठेमोठे भागाकार करतात आणि ही हातचे विसरते. सासूबाई नगरला असतात, त्या मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या, फोनवर रोज ऐकवतात की आपल्या लोकांना शाळेनेच वर काढलं आणि तू मुलांना शाळेतून काढतेस. मंडळीतल्या बायका पण उपासना संपली की विचारतात, अजून घरीच का? मिस्टरांच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं की हे बेकायदेशीर आहे, म्हणून शाळेच्या वेळेत मी मुलांना शक्यतो खाली नेत नाही, आणि लिफ्टमध्ये कोणी विचारलंच तर आज सुट्टी आहे म्हणायचं असं मुलीला सांगून ठेवलंय. सगळ्यात मोठी काळजी म्हणजे मुलगी घुमी झालीय. आधी इतकी बडबडी होती. आता पाहुणे आले की आत जाऊन बसते, संडे स्कूलला मागच्या बाकावर. सासूबाई म्हणतात घरात कोंडलं की असंच होणार. मी थकलेय मावशी. जूनमध्ये परत शाळेत घालू का?

एक आई, चारकोप

---

अगं, भागाकारावर तू लिहिलंस, सासूबाईंवर लिहिलंस, मंडळीतल्या बायकांवर लिहिलंस, आणि ज्या एका वाक्यावर मी अडकले ते तू ऑफिसातल्या त्या माणसाच्या पाठोपाठ असं घाईघाईत सरकवून दिलंस. "आज सुट्टी आहे म्हणायचं असं मुलीला सांगून ठेवलंय." तिथून पुढचं तुझं पत्र मी नीट वाचूच शकले नाही, परत मागे येत राहिले.

नऊ वर्षांची पोर आहे ती, जरा तिच्या जागी उभी राहून बघ. लिफ्टचं दार उघडतं, आत पाचव्या मजल्यावरच्या काकू असतात, त्या प्रेमानेच विचारतात, काय गं, शाळा नाही आज? आणि हिला खोटं बोलायचंय. परवा पण सुट्टी होती, आज पण आहे, काकूंना आठवत असेल का? दिवाळी नाही, गणपती नाही, पाऊस नाही, मग कसली सुट्टी विचारलं तर? शेजारी धाकटा भाऊ उभा, तो मधेच खरं बोलून गेला तर? एवढा हिशोब ती मुलगी तळमजला येईपर्यंत करते, आणि तू म्हणतेस तिला गणित येत नाही.

ती घुमी झालेली नाही. ती जपून राहतेय. मोठं माणूस दिसलं की पहिला प्रश्न काय येणार हे तिला पाठ झालंय, कितवीत आहेस, कुठली शाळा, आणि त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची तिला परवानगी नाहीये, मग ती काय करेल? पाहुणे आले की आतच जाईल ना. संडे स्कूलला मागेच बसेल ना. तिथे सगळ्यांना माहितीये ही घरी शिकते, तरी ती मागेच बसते, कारण आपलं हे जे काही आहे ते लपवायचं असतं हे तुझ्याकडूनच शिकलीय ती. त्याला सासूबाई कोंडणं म्हणतात, आणि तू घाबरून त्यांचं खरं मानायला निघालीस. घरी शिकवण्याने हे झालेलं नाही. लपवून शिकवण्याने झालंय. उद्या शाळेत घातलंस तरी ती हेच सोबत घेऊन जाईल, की माझ्या आईने दोन वर्षं काहीतरी असं केलं जे सांगण्यासारखं नव्हतं.

तू थकलीस ना, मला कळतं, पण मी आज तुझी पाठ थोपटणार नाही. देवाच्या वचनात वाढवायचं म्हणून तू मुलांना घरी ठेवलंस. बायबलमधल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहेच की, घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांना शिकवत राहा. वाटेने चालताना, म्हणजे लिफ्ट पण त्यात आली. सकाळी टेबलावर दहा आज्ञा पाठ करून घ्यायच्या आणि दहा वाजता दाराबाहेर पडताना सुट्टी आहे म्हण सांगायचं, ह्यातलं कुठलं तिच्या लक्षात राहणार हे तुला मी सांगायला नको.

आता कायद्याचं, कारण सगळी भीती तिथून आलीय आणि ती एका सहकाऱ्याच्या ऐकीव बोलण्यावर उभी आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं लिहिलंय, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण सक्तीचं शिक्षण म्हणताना त्या कायद्यात सक्ती आहे ती सरकारवर, की मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे. घरी शिकवलं म्हणून आईबापाला दंड किंवा तुरुंग असं त्यात कुठेही नाही. घरी शिकवायला नाव घेऊन परवानगी नाही, नाव घेऊन बंदीही नाही. आणि मुलांना पुढे परीक्षेला बसायची सोय केंद्र सरकारनेच केलेली आहे, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, 1989 पासून चालू आहे, त्यांच्या पायऱ्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या असतात, चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आपल्या राज्याच्या बोर्डाचा बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर तुझ्या सासूबाईंना पाठ असेल, कित्येकांना त्यांनीच भरायला लावला असेल. तेव्हा वॉचमनने पाहिलं म्हणून पोलीस दारात येतील हे डोक्यातून काढ. हे सगळं तुम्ही दोघांनी बसून वाचायला हवं होतं, दोन वर्षं हातात होती, आणि मिस्टरांना ऑफिसातून भीती घरी आणायला वेळ मिळाला तर कायदा वाचायलाही मिळाला असता.

घरी शिकवणं ही आपल्याकडे कोणी बाहेरून आणलेली फॅशन नाही. पंडिता रमाबाई, जन्म 1858, शाळेत कुठे गेल्या? त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आठव्या वर्षापासून जवळजवळ पंधराव्यापर्यंत त्यांना स्वतः संस्कृत शिकवलं, तेही तीर्थयात्रा करत गावोगाव फिरताना. दिवसभर घरच्या कामाचा रगाडा, म्हणून ती माऊली उजाडायच्या आधी पोरीला लाडाने उठवायची आणि तोंडीच पाठ घ्यायची, पुस्तक हातात नाही. तीच पोर पुढे 1883 ला ख्रिस्ती झाली, 1889 ला इथे आपल्या मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, आणि केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. पण मला तुला सांगायचंय ते रमाबाईंच्या वडिलांचं. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून अनंतशास्त्री डोंगऱ्यांवर लोक उठले, उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यायला बोलावलं. ते गेले. शास्त्रातले आधार काढून सगळ्यांच्या समोर सांगितलं की हो, मी शिकवतो, आणि ह्यात काही चूक नाही. तुला तर फक्त पाचव्या मजल्यावरच्या काकूंना सांगायचंय.

शिवाय लपून बसण्यात तू काय घालवतेयस ते बघ. घरी शिकणाऱ्या मुलांना जी एक गोष्ट जास्तीची मिळते ती म्हणजे दिवसाची मुंबई, सगळी शाळेत असताना मोकळी पडलेली. तुझ्या घरापासून बोरिवलीचं नॅशनल पार्क किती लांब आहे? आत कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, ब्राह्मीतले शिलालेख आहेत, पाणी साठवायची टाकी दगडात कोरलेली आहेत, नऊ वर्षांच्या मुलीला अख्खा दिवस पुरेल आणि ती घरी येऊन चार दिवस बोलत राहील. अकरानंतरची स्लो पकडली तर चर्चगेटपर्यंत बसायला जागा मिळते. उतरून हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमसमध्ये ने, 1718 मध्ये उघडलेलं चर्च आहे ते, त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून त्या स्टेशनला चर्चगेट म्हणतात. आतल्या संगमरवरी पाट्यांवर लोकांच्या जन्म-मृत्यूची सालं कोरलेली आहेत, वही घेऊन तिला तिथे उभी कर आणि कोण किती वर्षं जगलं ते काढायला सांग, वजाबाकी तर होईलच आणि प्रश्नही इतके विचारेल की तूच दमशील. भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, 1872 पासूनचं, शेजारी राणीबाग (बुधवारी जाऊ नको, बंद असतं). हे सगळं सोडून तू पडदे ओढून एकपर्यंत वाट बघतेस की शाळा सुटेल आणि मग आपण खाली जाऊ.

जूनचा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. उद्याचं सांगते ते कर.

आज रात्री प्रार्थनेच्या वेळी, मिस्टर समोर असतानाच, मुलीला सांग की सुट्टी आहे म्हणायला मी तुला लावलं ते चुकीचं होतं, मला माफ कर, ह्यापुढे तू कोणालाही खरं सांगायचं. लांबण लावू नको, शास्त्रवचनं जोडत बसू नको, मुलं अशा वेळी आपल्या चेहऱ्याकडे बघत असतात. आणि उद्या सकाळी साडेदहाला, बरोबर शाळेच्या वेळेत, दोन्ही मुलांना घेऊन खाली उतर. भाजी आण, वाण्याकडे जा, काहीही कर, पण त्याच लिफ्टने जा आणि वॉचमनच्या समोरून जा. कोणी विचारलं तर उत्तर एवढंच, आम्ही घरी शिकतो, आई शिकवते. पहिल्या दिवशी मुलगी बोलणार नाही, तुझ्या मागे सरकेल, तेव्हा तू बोल, मोकळ्या आवाजात, नजर न चोरता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पण तूच बोल. मग एक दिवस ती तुझ्या आधी बोलेल. त्या दिवसापर्यंत शाळेत घालायचं की नाही ह्यावर घरात एक शब्द काढू नका, कारण आत्ता तुम्ही जे ठरवाल ते भीतीने ठरवाल.

लोक काय म्हणतील? चार जण नाकं मुरडतील, दोघी जणी खूप प्रश्न विचारतील आणि त्यातली एखादी हळूच विचारेल की माझ्या मुलाचं पण बघशील का. मंडळीतल्या बायकांनाही हेच उत्तर दे, सगळ्यांना एकच, म्हणजे मुलीला वेगवेगळं लक्षात ठेवावं लागणार नाही.

आणि सासूबाई. त्या चुकीचं बोलत नाहीयेत हं, आपल्या लोकांना खरंच शाळेने वर काढलं, मिशनरी मार्गारेट विल्सनबाई 1829 ला मुंबईत आल्या आणि इथल्या मुलींसाठी शाळा काढायला लागल्या, त्याच परंपरेत सासूबाईंनी नगरला तीस वर्षं खडू झिजवलाय. असं माणूस घरात असताना तू रोज त्यांचा फोन कधी संपतो ह्याची वाट बघतेस? उद्या भाजी घेऊन आलीस की फोन तू कर. सांग, आई, भागाकारातले हातचे मला समजावता येत नाहीयेत, रोज संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओवर नातीला घ्याल का. पाटी त्यांच्याकडे असेलच.