वाचकांचे प्रश्न : त्रिनिदादला खायचं, टोबॅगोला डुंबायचं

कॅरिबियन बेटांबद्दल या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न त्रिनिदाद आणि टोबॅगोविषयी आहेत. एकच देश, पण बेटं दोन आणि स्वभावही दोन. बहुतेक बेत फसतात ते हा फरक लक्षात न घेतल्यामुळे. त्यातले काही प्रश्न पुढे घेतले आहेत.

आम्ही चौघं (मुलं ११ आणि ७ वर्षांची) मार्चमध्ये सात रात्रींसाठी जातोय. एजंटने पाच रात्री पोर्ट ऑफ स्पेन आणि दोन रात्री टोबॅगोचं रिसॉर्ट दिलंय, तिथे तिन्ही वेळचं जेवण धरून. योग्य आहे का? (नाशिक)

मार्च उत्तम. जानेवारी ते मे तिथला कोरडा काळ असतो. बाकीचा बेत मात्र उलटा करून घ्या : त्रिनिदादला (म्हणजे राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला) तीन रात्री, टोबॅगोला चार. आणि जेवणाचं पॅकेज आधी काढायला लावा. या देशात खाण्यासारखं जे आहे ते टपरीवर, रोटीच्या दुकानात आणि किनाऱ्यावरच्या खोपट्यात मिळतं. हॉटेलच्या बुफेत मिळतो तो जगात कुठेही मिळणारा पास्ता.

त्रिनिदादचे दोन पूर्ण दिवस घड्याळ लावून खावे लागतात. पहिल्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला 'डबल्स' खायला बाहेर पडा. हळद घातलेल्या मैद्याचे तळलेले दोन मऊ 'बारा' आणि त्यांवर छोल्यांची पातळ उसळ, काकडीची चटणी, चिंच. ही नाश्त्याची गोष्ट आहे. चांगल्या टपरीवरचा माल दहाच्या आत संपतो, मग रात्री उशिरा पुन्हा गाड्या लागतात. दुपारी एक वाजता डबल्स शोधत फिरणारे हमखास पर्यटक. कागदात गुंडाळून मिळालं तर गाडीत बसून खाऊ नका, उभ्यानेच आटपा. रस गळतो आणि हळदीचा डाग जात नाही.

त्यानंतर मराकास बीच. डोंगरातून जाणारा हा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधला. शहरातून पाऊण ते एक तास लागतो. वाटेत वरून समुद्र दिसतो त्या थांब्यावर 'चाव' घ्या : कैरी किंवा अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि 'शॅडो बेनी' चोळलेली असते. शॅडो बेनी म्हणजे लांब दातेरी पानाची, कोथिंबिरीच्याच पण दुप्पट उग्र वासाची वनस्पती. तिथल्या स्वयंपाकाचा अर्धा वास तिचाच. मराकासला रविवारी जाऊ नका, अख्खं शहर तिथे लोटलेलं असतं. अंधार पडायच्या आत परत फिरा.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. सकाळची सगळी गर्दी राजधानीकडे येणारी असते, त्यामुळे तुम्हाला रस्ता मोकळा मिळेल. वाटेत वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ पाहा. सरकारी नव्हे तर उसाच्या कंपनीच्या जमिनीवर बांधलं म्हणून ते १९५२ मध्ये पाडलं गेलं, बांधणाऱ्या सेवदास साधू यांना तुरुंगात जावं लागलं, आणि मग त्यांनी कुणाच्याच मालकीचा नसलेल्या समुद्रात भराव टाकून ते पुन्हा उभारायला घेतलं. तिथून डेबी गाव. रस्त्याकडेला ओळीने तळणाची दुकानं आहेत : सहीना, फुलौरी, बैंगनी, कचोरी. सहीना म्हणजे आपल्या अळूवडीची लांबची बहीण. अळूचीच पानं आणि वाटाण्याच्या डाळीचं पीठ, पण आत चिंच-गूळ नाही, आंबटगोड चटणी वरून. कचोरी नावालाच कचोरी, आत सारण शोधू नका. चौघांत प्रत्येक प्रकारचे दोनच नग घ्या, कारण सगळं तळलेलं आहे आणि चारच्या आत कारोनीच्या खाजणात पोचायचं आहे. ते परतीच्या वाटेवरच पडतं. तिथली बोट चारच्या सुमाराला सुटते आणि सूर्यास्ताला लालभडक आयबिस पक्षी थव्यांनी झाडांवर उतरतात. दुर्बीण आणि डासांचं मलम सोबत हवंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोबॅगो. पुढचे चार दिवस काहीही ठरवू नका, फक्त प्रवाळ दाखवणाऱ्या काचेच्या तळाच्या बोटीची वेळ पाहून ठेवा. तिचं खाली येतं आहे.

विमानाने जावं की फेरीने? (ठाणे)

विमानाने. ते वीस-पंचवीस मिनिटांत पोचवतं आणि उतरल्यावर स्टोअर बे किनारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फेरीला साडेतीन-चार तास लागतात. खाडीतून बाहेर पडल्यावर ती चांगलीच हलते, बोट लागणाऱ्यांचा दिवस वाया जातो. ईस्टरच्या आठवड्यात आणि कार्निव्हलनंतर दोन्हीकडे जागा मिळत नाही. तेव्हा हे तिकीट आंतरराष्ट्रीय तिकिटाबरोबरच काढा.

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. कांदा-लसूण चालतो. उपाशी राहू का? (पुणे)

कॅरिबियनमध्ये शाकाहाऱ्यांनी जायचं बेट असेल तर हेच. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना (करारावर नेलेल्या मजुरांना) घेऊन इथे पोचलं, आणि पुढे सत्तरेक वर्षं माणसं येत राहिली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. स्वयंपाक त्यांचा. त्यामुळे पदार्थ ओळखीचे वाटतील, नावंही, पण चव मराठी जिभेला थोडी चकवेल.

सकाळी रोटीच्या दुकानात 'सादा रोटी' आणि 'चोका' मागा. बैंगन चोका म्हणजे वांग्याचं भरीत, पण दही-कूट काही नाही : भाजलेलं वांगं, लसूण, मिरची आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी. टोमॅटोचाही चोका मिळतो. दुपारी 'दालपुरी'. पुरणपोळीसारखीच लाटलेली, आत मात्र शिजवून कोरडी वाटलेली वाटाण्याची डाळ, जिरं आणि लसूण. गूळ नाही. नुसतं 'रोटी' म्हटलंत तर भाजी आत गुंडाळलेली पुडी हातात येते. फक्त पोळी हवी असेल तर 'स्किन' म्हणायचं. 'बस-अप-शट' म्हणजे तव्यावर आपटून चिंध्या केलेला पराठा. फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून हे नाव. तो वेगळ्या भाज्यांबरोबर येतो : भोपळा, बोडी (म्हणजे चवळीच्या शेंगा), छोले-बटाटा, 'भाजी' (तिथे पालेभाजीलाच भाजी म्हणतात) आणि सालासकट शिजवलेली आंब्याची करी. ही शेवटची चुकवू नका.

सावध राहायचं ते क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-युरोपीय वळणाच्या, जेवणात. 'कलालू' ही अळूची पानं, भेंडी आणि नारळाच्या दुधाची गरगट, दिसायला शुद्ध शाकाहारी. पण तिच्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं शेपूट घालायची पद्धत आहे. घेवड्याच्या उसळीत आणि रस्त्यावरच्या कॉर्न सूपमध्येही तेच. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. 'व्हेजिटेरियन आहे का?' एवढंच विचारू नका, कारण मासे चालतात असं समजणारे पुष्कळ. 'मांस नको, मासे नकोत, पिगटेल नको, अंडं नको' असं एकेक मोजून सांगा. 'इटाल' लिहिलेलं खानावळ दिसलं तर निर्धास्त जा. रास्ताफारी या धार्मिक पंथातल्या लोकांचं हे जेवण, मांसाशिवायचं.

कोल्हापूरचे आहोत, तिखटाचं भय घालू नका. (कोल्हापूर)

घालत नाही, पण पहिल्या दिवशी 'स्लाइट' (तिखट किंचित) म्हणा. मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची याच बेटावरची. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची संस्थेने तिला जगातली सर्वांत तिखट ठरवलं तेव्हा सरासरी १२ लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक) मोजली गेली. टपरीवरची चटणी तिचीच असते असं नाही, पण जी असते तीही आपल्या लवंगीसारखी लगेच कळत नाही. दोन घास मागाहून चढते आणि उतरत नाही. 'हेवी' दुसऱ्या दिवशी मागा.

आमच्याकडे मोरीचं मटण होतं. तिथल्या 'बेक अँड शार्क'मध्ये मोरीच असते का? आणि टोबॅगोचा खेकडा आपल्या कुर्ल्यांसारखा लागतो का? (वेंगुर्ले)

मोरीच, पण रश्शाची नाही, तळलेली. 'बेक' हा शब्द फसवा आहे, तो भाजलेला नसून भटुऱ्यासारखा तळून फुगवलेला पाव असतो. मोरीच्या तुकड्यांना लिंबू चोळून (वास का मारायचा ते तुम्हाला सांगायला नको) शॅडो बेनी, लसूण आणि थाइमचं हिरवं वाटण लावतात, पिठात घोळवून तळतात आणि बेकच्या पोटात भरतात. मग तुम्ही ताट घेऊन चटण्यांच्या मांडणीपुढे उभे राहता आणि तिथेच चूक होते. दहा वाट्या दिसतात म्हणून दहाही ओतल्या की बेक भिजून फाटतो, आणि मासा कुठे गेला ते कळत नाही. लसणीची, चिंचेची आणि शॅडो बेनीची, एवढ्या तीन पुरे. वर अननसाची एक चकती.

मात्र आमचं मत विचाराल तर तिथेच सुरमई मागा, तिथे तिला किंगफिश म्हणतात. चव उजवी. शार्क माशांची संख्या जगभर घटते आहे हे एक, आणि त्यांच्या मांसात पारा जास्त साठतो हे दुसरं. गरोदर बाई आणि लहान मुलांना शार्क देऊ नये.

खेकडा खायचा तो टोबॅगोच्या स्टोअर बेवर, खोपटांच्या रांगेत, दुपारी जेवायच्या वेळेला. उशीर केलात तर भांडं रिकामं. निळ्या कवचाचा, जमिनीत बिळं करून राहणारा हा खेकडा. करी पावडर आणि नारळाच्या दुधात शिजवलेला. भाजक्या खोबऱ्याचं वाटण नाही, तिरफळ नाही, त्यामुळे मालवणी जिभेला रस्सा जरा सपक वाटेल. बरोबरचे 'डंपलिंग' म्हणजे उकडलेले पिठाचे जाड, चिवट चपटे गोळे. दोघांत एकच ताट घ्या, पोट त्या गोळ्यांनीच भरतं. पांढरे कपडे नकोत.

सासूबाई ७० वर्षांच्या, मुलगा सहा वर्षांचा, पोहता कुणालाच येत नाही. समुद्रात उतरावं का? (औरंगाबाद)

त्रिनिदादला नाही, टोबॅगोला जरूर. मराकासच्या लाटा सुंदर पण आत ओढणाऱ्या आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, जीवरक्षक असतानाच आणि गुडघाभरच उतरायचं. शेजारचा लास क्वेव्हास शांत आहे, पण दुपार कलली की वाळूतल्या बारीक माश्या पाय फोडून काढतात.

टोबॅगोचा वायव्येकडचा किनारा निवांत. दक्षिणेला अटलांटिकच्या अंगाला समुद्र खवळलेला असतो आणि मार्चपासून पुढे काही महिने सरगॅसम हे कुजकट वासाचं तपकिरी शेवाळ तिकडेच जास्त साचतं. हॉटेल घेताना नकाशात बाजू पाहा, फोटो नव्हे. तुमच्यासाठी पिजन पॉइंट (आत जायला तिकीट लागतं) आणि 'नायलॉन पूल'. हा पूल भर समुद्रात प्रवाळरांगेआड आहे, पांढऱ्या वाळूवर कमरेएवढंच पाणी. काचेच्या तळाची बोट तिथे नेते, वाटेत बुकू रीफचं प्रवाळ दिसतं. ओहोटीच्या वेळची फेरी मागा, प्रवाळ जवळून दिसतं. सासूबाईंसाठी बोटीची शिडी कशी आहे ते आधी पाहून घ्या, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही : ते मरतं आणि तळवाही कापतो.

आणखी एक. काही किनाऱ्यांवर मॅन्चिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. फळ विषारी, चीक कातडी भाजणारा. पावसात त्याखाली उभं राहिलात तरी थेंबांबरोबर चीक अंगावर येतो. मुलाला वाळूत पडलेलं कुठलंच फळ उचलू देऊ नका.

पीतज्वराची लस खरंच लागते का? एजंट म्हणतो तिथे कुणी विचारत नाही. (मुंबई)

तिथे नाही, परत आल्यावर इथे विचारतात. भारताच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं. यादीत टोबॅगो नाही खरं, पण तुमचं विमान बहुधा त्रिनिदादच्या पियार्कोवरूनच जाणार.

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर, ठरावीक वारी, आधी वेळ घेऊन मिळते. पासपोर्ट न्या आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक तिथेच ताडून पाहा. एक डोस जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. औरंगाबादच्या पत्रलेखिकेने हे सासूबाईंसाठी नीट वाचावं. डॉक्टरांनी लस नको म्हटलं, तर त्यांच्या पत्राने विलगीकरण टळेलच असं नाही. तेव्हा त्यांच्यासाठी बार्बाडोससारखं यादीत नसलेलं बेट बरं.

न्यू जर्सीहून जातोय, एच-१बी आहे. काही अडचण? (एडिसन)

पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची तारीख पाहा. ती उलटली असेल तर जाऊ नका. मुदत संपलेल्या शिक्क्यावर तीस दिवसांत परत येण्याची सवलत एच-१बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. शेजारच्या बेटांची सवलत एफ आणि जे व्हिसावाल्यांना आहे, तुम्हाला नाही.

भारतातून अमेरिकेमार्गे जाणाऱ्यांना अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी.

सामानात काय घालावं, काय घालू नये? (सांगली)

लष्करी छापाचे, हिरवे-मातकट पट्ट्यांचे कपडे नकोत, मुलांचेसुद्धा. तिथे ते कायद्याने बंद आहेत. वीज ११५ व्होल्टची आणि खाचा अमेरिकन पद्धतीच्या. भारतातली विजेची किटली तिथे चौथाई शक्तीने चालते, चहाला निदान चौपट वेळ लागेल. नेऊच नका. रुपये कुणी बदलून देत नाही, अमेरिकन डॉलर न्या. एका डॉलरला सुमारे पावणेसात स्थानिक डॉलर मिळतात. टपऱ्यांवर रोखच चालते, सुटे ठेवा. उरलेले स्थानिक डॉलर देश सोडायच्या आत खर्चून टाका. गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढा. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच, डावी.

रात्री पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पायी भटकू नका, हॉटेलने बोलावलेलीच टॅक्सी घ्या. गुन्हेगारीमुळे २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा २०२५ मध्ये तिथे आणीबाणी लावली गेली होती. निघायच्या आठवड्यात परराष्ट्र खात्याची सूचना पाहून घ्या. परतताना कुचेला घ्यायचा असेल, म्हणजे किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं तिथलं लोणचं, तर बाटली सील केलेली घ्या आणि मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीतली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.