सीसीटीव्हीची निगराणी, देखरेख, पाळत की राखण?

म्हापशाहून एका ताईंनी विचारलंय: 'आमच्या इमारतीच्या फाटकावर सीसीटीव्हीचा फलक लावायचा आहे. सचिवांनी "आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात" असा मजकूर केला. एक सदस्य म्हणाले, निगराणी हिंदी, "देखरेखीखाली" करा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, सरळ "पाळत" लिहा की, नाहीतरी तेच चाललंय. शिवाय खाली "आपल्या गोपनीयतेचा आदर केला जातो" अशी ओळ घालायचीय. बरोबर शब्द कोणता?'

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी शब्द चुकीचा सुचवला असेल, पण दुखणं बरोबर ओळखलंय.

निगराणी हिंदीतून आली हे खरंच, आणि बहुतेक अशा फलकांवरूनच आली. पण तिला परकी म्हणून हाकलण्याआधी तिची बहीण पाहा. 'निगा' आपल्याकडे किती जुनी आहे! अबोलीच्या वाफ्याची निगा, केसांची निगा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची निगा. फारसीत 'निगाह' म्हणजे नजर. निगा तिथली आणि निगराणीही त्याच कुळातली. एक बहीण झाडांना पाणी घालते, दुसरी फाटकावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळते. तेव्हा मूळ कुठलं या मुद्द्यावर निगराणीला नापास करता येणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

या शब्दांमागे कुठला प्रत्यय येतो ते पाहा. निगा कुणाची तरी राखतात. काळजी कुणाची तरी घेतात, सांभाळ कुणाचा तरी करतात, राखण शेताची करतात. हे सगळे 'चा-ची'वाले शब्द. आता दुसरी रांग: पाळत कुणावर तरी ठेवतात, नजर कुणावर तरी ठेवतात, पहारा कुणावर तरी बसवतात. हे 'वर'वाले. पहिल्या रांगेत ज्याच्याकडे बघायचं तो आपला असतो, दुसऱ्या रांगेत तो संशयित असतो. 'देखरेख' या दोन रांगांच्या मधोमध उभी आहे. मुलांची देखरेख होते आणि कामगारांवरही देखरेख होते. म्हणून ती सगळ्यांना सोयीची वाटते. (प्रेम आणि दयासुद्धा 'वर' घेतात, त्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. मान्य. व्याकरणाचा नियम म्हणून हे टिकायचं नाही, पण राखणीचे शब्द तपासायला ही फूटपट्टी मला पुष्कळदा उपयोगी पडलीय.)

आता पाळत. ती आली 'पाळणे' या क्रियापदातून, म्हणजे पाळणा, पालक, पाळीव यांच्याच घराण्यातली. जपण्यापासून निघालेला शब्द दबा धरून बसण्यापर्यंत कसा पोचला, हे पाहण्यासारखं आहे. ज्याला जपायचं त्याच्याकडे सारखं बघावं लागतं. मग बघणं तेवढं उरतं आणि जपणं गळून पडतं. गोव्यातल्या जुन्या पिढीला हा शब्द कसा टोचतो, ते घरात ऐकलेलं आहे. पोर्तुगीज अमदानीत लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर होऊन आल्याशिवाय छापता येत नसे. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ज्यांनी असं आयुष्य काढलं, त्यांच्या तोंडी 'पाळत' हा नुसता शब्दकोशातला शब्द नसतो.

तरीही फलकावर 'पाळत' चालणार नाही, आणि त्याचं कारण सभ्यता नव्हे. पाळत न सांगता ठेवायची असते. ती ठेवलीय असं फलकावर लिहून जाहीर केलं की ती पाळत राहतच नाही. सासूबाईंचा शब्द फलकावर गेला की खोटा ठरतो. तो सोसायटीच्या सभेत मात्र जरूर वापरावा, विशेषतः जिन्यातला कॅमेरा नेमका समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावर रोखलेला असेल तर.

मला स्वतःला इथे 'राखण' हा शब्द फार जवळचा वाटतो. आमच्या फोंड्याकडच्या गावांत राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, कोण ओळखत नाही? शिमेवर, म्हणजे गावाच्या हद्दीवर, त्याचं ठिकाण असतं, त्याला रोटाचा (जाड भाकरीचा) नैवेद्य देतात, रात्री तो हातात दांडा घेऊन गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा. चुकलेल्या माणसाला वाट दाखवून घरापर्यंत आणून सोडल्याच्या गोष्टी प्रत्येक वाड्यावर सापडतील. म्हणजे रात्रभर गावात कोण कुठे गेलं, हे त्याला ठाऊक असणारच! पण राखणदार आपल्यावर पाळत ठेवतो, असं म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलं नाही. कारण त्याची पाठ गावाकडे आहे आणि तोंड शिमेबाहेर. राखण बाहेर बघते, पाळत आत बघते. कॅमेरा तोच असतो. फाटकाकडे तोंड करून लावला तर राखण, शेजारणीच्या दाराकडे वळवला तर पाळत.

माझी आत्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसून अख्ख्या वाड्याची खबर ठेवायची. जाणारा येणारा प्रत्येक जण तिच्या 'खंय गो वता?'ला (कुठे गं चाललीस?) सामोरा जायचा. बाहेरच्या माणसाला ही चौकशी वाटते. पण या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे, 'हांगाच'. म्हणजे इथेच, जवळच. पणजीला निघालेली बाईही 'हांगाच' म्हणायची आणि आत्या समाधानानं मान हलवायची. विचारणारीनं विचारल्याचं केलं, सांगणारीनं सांगितल्याचं केलं, कुठे जायचंय ते सांगणारीपाशीच राहिलं. कॅमेऱ्याला 'हांगाच' म्हणता येत नाही, ही त्याची खरी अडचण.

'देखरेखीखाली' का नको, तेही सांगतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेतात, अभियंत्याच्या देखरेखीखाली पूल बांधतात. तिथे बघणारा जाणकार असतो आणि काही बिघडलं तर तोच जबाबदार असतो. तुमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यातून त्या क्षणी कुणी बघत असेलच असं नाही. चित्रण डीव्हीआर नावाच्या नोंदयंत्राच्या डिस्कवर साठत जातं, डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि स्कूटर चोरीला गेल्यावर सगळे फुटेज शोधायला धावतात. 'निगराणीखाली'बद्दलची माझी तक्रारही हीच. कॅमेरा निगराणी करत नाही, नोंद करतो. ज्यांनी 'देखरेखीखाली' वाचून निर्धास्तपणे स्कूटर ठेवली, त्यांची फसवणूक होते.

फलक सोडून जरा कायद्यात डोकावू, कारण तिथे या शब्दांची निवड जास्त महागात पडते. बाईच्या मागे लागण्याचा गुन्हा २०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेत स्वतंत्रपणे आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. मराठीत आपण त्याला सर्रास 'पाठलाग' म्हणतो. पण त्याच कलमात बाईच्या इंटरनेट, ई-मेल वापरावर लक्ष ठेवणंही गुन्हा धरलंय. घरच्या खुर्चीत बसून, पाऊलही न उचलता केलेला पाठलाग! 'पाठलाग' वाचणाऱ्या मुलीला वाटणार, माझ्यामागे तर कुणी फिरत नाही, मग तक्रार कशाची करू? इथे 'पाठलाग किंवा पाळत' असं म्हटलं तरच अर्थ पोचतो. सासूबाईंचा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

आता 'गोपनीयता'. ही ओळ फलकावर नको, असं माझं ठाम मत. गोपनीयतेची शपथ मंत्री घेतात, गोपनीय अहवाल साहेब लिहितात. जे कळू द्यायचं नाही, ते गोपनीय. (यातही गंमत आहेच. संस्कृतात 'गोप' म्हणजे गाईंचा राखणारा, त्यावरून 'गुप्' म्हणजे राखणं आणि मग लपवणं. पुन्हा राखणीपासूनच सुरुवात!) पण माणसाला हवं असतं ते दरवेळी लपवणं नसतं. नवराबायकोचं भांडण सगळ्या वाड्याला ऐकू जातं, त्यात गुप्त काहीच उरत नाही, तरी ती त्यांची खासगी बाब असते. दुसऱ्या दिवशी कुणी त्याबद्दल विचारलं तर विचारणारा आगाऊ ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानं निकाल दिला. तेव्हा कुठे 'गोपनीयतेचा अधिकार' छापून आलं, कुठे 'खासगीपणाचा हक्क'. मला दुसरं पटतं. न्यायालयानं त्या हक्काचा आधार संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्यात पाहिला. त्याचा गुपितं जपण्याशी संबंध थोडाच. 'गोपनीयता' म्हटलं की लगेच उत्तर येतं, 'तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' 'खासगी' म्हटलं की तो प्रश्नच उभा राहत नाही.

शिवाय 'खासगी' शब्दाला इतिहास आहे. अरबी 'खास'वरून फारसीमार्गे तो आपल्या दरबारात आला. होळकरांकडे राज्याची दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. अहिल्याबाईंच्या नावाबरोबर ही 'खासगी' आजही निघते. तो पैसा काही लपवलेला नव्हता, पण त्यावर हक्क कुणाचा, हे ठरलेलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मुळात हाच प्रश्न आहे: माहिती कुणाची आणि ती वापरायला कुणाला विचारायचं. 'विदा' हा डेटासाठीचा शब्द रुळायला वेळ लागेल. फलकावर तो नको, लोक 'निरोप घेतो' असा अर्थ लावतील.

'खासगी'त एकच खोट आहे. आमच्याकडे 'खासगी' म्हटलं की आधी सरकारी 'कदंब' नसलेली बस डोळ्यांपुढे येते, आणि संध्याकाळी साडेसहाच्या फोंडा गाडीत प्रायव्हसी म्हणाल तर स्वतःचा पायसुद्धा स्वतःचा राहत नाही. 'खासगी' लिहावं की 'खाजगी', यात मी पडत नाही. दोन्ही रूढ आहेत, मला मुळाजवळचं 'खासगी' बरं वाटतं.

तर ताई, माझा मजकूर असा: 'या आवारात सीसीटीव्ही कॅमेरे चालू आहेत. फाटक आणि वाहनतळ यांचे चित्रण होते. चित्रण इतके दिवस ठेवले जाते. चौकशी: सचिव.' 'इतके'च्या जागी खरा आकडा घाला. 'आपण अमक्याखाली आहात' गेलं, आदराची ओळही गेली. चित्रण किती दिवस राहतं आणि कुणाकडे, हे लिहिलं की आदर वेगळा सांगावा लागत नाही. 'राखण' घालायचा मोह मला झाला होता, पण यंत्राला एवढा मान द्यायला मन धजावलं नाही. 'वाहनतळ' लिहायचं की 'पार्किंग', यावर सचिव आणि ते दुसरे सदस्य पुन्हा भांडतील. तो निवाडा सासूबाईंकडे द्या.